सतरा अक्षरं

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात.
गाडीचं विचारावं लागतं;
त्याचाच मला पगार मिळतो
टोलीडोच्या एका कचेरीत,
परराज्यातून आलेल्या गाड्यांच्या तपासणीला.

काम सोपं आहे. टॉर्च घ्यायचा,
ड्रायव्हरच्या बाजूला काचेच्या खालच्या कोपऱ्यावर वाकायचं,
सतरा अक्षरं वाचायची, कागदाशी ताडायची.
आय, ओ आणि क्यू त्यात कधीच नसतात,
एकाशी आणि शून्याशी घोळ नको म्हणून.
नववं अक्षर बाकीच्यांवर नजर ठेवतं:
मधला एखादा आकडा कुणी खोटा घातला
की तेच चहाडी करतं.
आणि पहिलं अक्षर म्हणजे जन्मगाव.
जे जपान, के कोरिया, डब्ल्यू जर्मनी,
दोन कॅनडा, तीन मेक्सिको.
एक, चार किंवा पाच असेल तर इथलीच.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी लेनर्ड झिएलिन्स्की आले.
एकतीस वर्षं याच गावात एसयूव्हींना दारं बसवलेला माणूस,
बोटांची पेरं सुजलेली.
नातीसाठी मिशिगनहून घेतलेली गाडी, जपानी नावाची,
रस्त्यावरच्या मिठानं पांढुरकी झालेली.
"आमच्या कारखान्याच्या आवारात असली गाडी कुणी लावली असती,
तर संध्याकाळी चारही टायर बसलेले मिळाले असते.
सांगून टाका, बाई. बाहेरचीच ना?"

मी वाकले. पाच.
अकरावं अक्षर कारखान्याचं, तेही यादीत पाहिलं.
"इंडियाना," म्हणाले. "इथून चार तास."

ते हसले नाहीत.
पलीकडे नात बसली होती त्यांच्या स्वतःच्या गाडीत, हीटर लावून.
अस्सल अमेरिकी बिल्ला, बंपरवर झेंडा.
"आता तिचं वाचा."
तिचं वाचणं माझ्या कामात बसत नव्हतं. तरी गेले.
तीन.
टॉर्च मी जरा जास्तच वेळ तिथे धरला.
आकडा बदलला नाही.

मग त्यांनी कप्प्यातून एक कागद काढला,
गाडी नवी असताना काचेवर असतो तो, चार घड्यांचा.
इंजिन एका देशाचं, गिअरबॉक्स दुसऱ्याचा,
सुट्या भागांची टक्केवारी.
पंधरा टक्क्यांखाली ज्यांचा हात लागला
त्या देशांची नावंसुद्धा कुणी लिहिलेली नाहीत.
"सहा वर्षं जवळ बाळगला," म्हणाले, "वाचला नाही कधी."

गप्प राहवेना, म्हणून असेल,
माझ्या छातीवरची पाटी वाचू लागले: म्ह... म्हस...
म्हसवडकर. 'कर' म्हणजे त्या गावचे, मी सांगितलं.
"मग तुम्ही त्या गावच्या?"
नाही. माझा जन्म भिलाईचा, पोलादाच्या वसाहतीतला.
म्हसवडवरून एकदा गेले, रात्रीच्या एसटीनं,
पण झोप लागली होती.
आणि आडनाव नवऱ्याचं. नवरा आता डॅलसला असतो,
आडनाव बदलायची फी भरायची राहिली.

आता मात्र ते हसले. हसतहसतच
जपानी नावाच्या गाडीचं दार उघडून लावलं,
मान तिरकी करून ऐकलं. पुन्हा लावलं.
"हे डावखुऱ्याचं काम," म्हणाले, "पाळी संपत आलेली असतानाचं."
मग स्वतःच्या गाडीकडे गेले. नातीला उतरवलं.
तिचं दार लावलं, एकदाच,
आणि तळहात तसाच पत्र्यावर राहू दिला.
"वरची बिजागरी बघा. घाई नाही केलेली कुणी.
मीही अशीच बसवली असती."

सही केली, फी भरली,
दोन्ही गाड्या एकामागे एक चिखलातून बाहेर पडल्या.

साडेपाचला दिवे मालवून मी माझ्या गाडीत बसले,
दार लावलं. कान देऊन ऐकलं.
पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.
मला काहीच कळलं नाही;
सीटबेल्ट दारात अडकला होता.